रक्ताचा सामू सांभाळणारे बफर
निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ असतो. चयापचयातून सतत आम्ल निर्माण होऊनही तो ढळत नाही, कारण रक्त हे बफर द्रावण आहे. त्यातील बायकार्बोनेट आम्लाला, तर विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनणारे कार्बोनिक आम्ल आम्लारीला निष्प्रभ करते. लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या या समतोलाला कार्ल हॅसेलबाल्ख यांनी १९१६ मध्ये लॉगॅरिदमचे रूप दिले. लिटरमागे बायकार्बोनेट २४ व विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोल असल्यास गुणोत्तर २० येते. त्याच्या लॉगॅरिदममध्ये (१.३) ६.१ हा स्थिरांक मिळवला की सामू ७.४! फुप्फुसे व मूत्रपिंडे हे गुणोत्तर राखतात. ते फार बिघडले तर प्राणावर बेतते.