१३७ जीबीची भिंत : जुन्या संगणकांच्या अदृश्य मर्यादांचा इतिहास

१/ विंडोज ९८ चालवणाऱ्या संगणकाला १६० जीबीची नवी हार्ड डिस्क जोडून ती भरत नेली, तर एका टप्प्यावर विलक्षण प्रकार घडू शके. नवी फाइल डिस्कच्या शेवटी नव्हे, तर आरंभी लिहिली जाई. पडद्यावर कसलीही सूचना नसे. तिथली जुनी माहिती मात्र नष्ट झालेली असे. असे का होई? #थ्रेड

२/ त्या काळच्या डिस्कवर माहिती ५१२ बाइटांच्या कप्प्यांत साठवली जाई. या कप्प्याला सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरला घरासारखा क्रमांक असतो. तो लिहिण्यासाठी जितक्या बिटांची जागा राखली असेल, तितकीच घरे संगणकाला ओळखता येतात. पुढचा सारा इतिहास या एका नियमाचा आहे.

३/ १९८३ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसी एक्सटीत १० एमबीची डिस्क होती. डॉस एका विभागातील सेक्टर १६ बिटांत मोजी : कमाल ६५,५३६ सेक्टर, म्हणजे ३२ एमबी. तेव्हा ही जागा ऐसपैसच होती. पण १९८८ पर्यंत ती इतकी तोकडी पडली, की डॉस ४.० मध्ये ही मोजणी ३२ बिटांवर न्यावी लागली.

४/ पुढची भिंत दोन नियमांच्या विसंवादातून उभी राहिली. बायोसला १,०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर चालत. आयडीई डिस्कच्या नियमांत ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड आणि २५५ सेक्टर बसत. दोन्ही व्यवस्था स्वतंत्रपणे प्रशस्त होत्या. एकत्र आल्यावर मात्र प्रत्येकीतील लहान आकडाच लागू होई : १,०२४ × १६ × ६३. हाती उरत अवघे ५०४ एमबी!

५/ बायोसने आकड्यांचे रूपांतर करून ही अडचण सोडवली, तर ८.४ जीबीची नवी सीमा आली. फॅट१६ या फाइल-व्यवस्थेची मर्यादा तर २ जीबीच होती. शिवाय तिथवर पोहोचताना एका ओळीचे पत्रही ३२ केबी जागा अडवी. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीतून फॅट३२ आले, तेव्हा सुटका झाली.

६/ आता मूळ प्रश्नाकडे. पुढे सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहिला जाऊ लागला : २६,८४,३५,४५६ सेक्टर, म्हणजे सुमारे १३७ जीबी. त्यापुढील क्रमांकाचा वरचा भाग गळून पडे. जुन्या गाडीचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो, तसे लेखन पुन्हा आरंभी येई. आणि डिस्कच्या आरंभीच तिची अनुक्रमणिका असते. ती गेली, की उरलेली माहिती शाबूत असूनही सापडत नाही.

७/ २००२ च्या एटीए-६ मानकाने पत्ता ४८ बिटांचा केला. परंतु डिस्क, बायोस आणि ऑपरेटिंग सिस्टीम या तिघांनाही तो कळणे आवश्यक होते. २००१ च्या मूळ विंडोज एक्सपीत ही सोय नव्हती. ती सप्टेंबर २००२ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये आली. विंडोज ९८ ला मायक्रोसॉफ्टने ती दिलीच नाही.

८/ १९८३ च्या डॉस २.० बरोबर आलेल्या एमबीआर या विभाग-नोंदीत पत्ता ३२ बिटांचा होता. त्याची सीमा २.२ टीबी. २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क आल्या, तेव्हा तब्बल २७ वर्षांपूर्वीचा निर्णय आडवा आला. उपाय होता जीपीटी. पण ३२-बिट एक्सपीला तो वाचता येत नसे.

९/ म्हणून जुने अभियंते अदूरदर्शी होते का? आजच्या मापाने काल मोजण्याची ही चूक इतिहासाच्या अभ्यासकाने टाळावी. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीची किमान स्मृती १६ केबी होती. एकेक बिट जपून वापरणे हाच तेव्हाचा शहाणपणा होता. दोष द्यायचाच, तर तो मर्यादा ओलांडली गेल्यावर गप्प राहणाऱ्या व्यवस्थेला द्यावा. नकार देणारी सीमा गैरसोय करते. गप्प राहणारी सीमा दस्तऐवज नष्ट करते.

१०/ १९९० नंतरच्या कितीतरी कार्यालयांची, घरांची आणि संशोधकांची कागदपत्रे अशाच डिस्कवर पडून आहेत. उद्याच्या इतिहासकाराला ती उघडावी लागतील. लिपी जाणल्याखेरीज दप्तर वाचता येत नाही. तद्वत, ती डिस्क कोणत्या भिंतीच्या आतली आहे हे आधी जाणावे, तिच्यावर काहीही न लिहिता तिची संपूर्ण प्रत करावी आणि मगच वाचनास बसावे. (समाप्त)