चालणे म्हणजे हार? मॅरेथॉनमधील एका शरमेचा इतिहास

#थ्रेड

१/ गेल्या महिन्यात, पहिल्या मॅरेथॉनच्या सरावात, चौदाव्या किलोमीटरला मी एक मिनिट चालले. दम लागला नव्हता. तसे आधीच ठरवले होते. शेजारून जाणारे एक ज्येष्ठ धावपटू हसून म्हणाले, "अगं, चालायचंच होतं तर एवढ्या पहाटे उठलीस कशाला?" मी ओशाळले आणि लगेच धावू लागले. घरी आल्यावर मात्र इतिहासाच्या विद्यार्थिनीला पडावा तो प्रश्न पडला. ही शरम आली कुठून? आणि केव्हा?

२/ आधी संज्ञा स्पष्ट करू. वॉक ब्रेक म्हणजे पाय गळून गेल्यावर नाइलाजाने चालणे नव्हे. अंगात ताकद असतानाच, अगदी पहिल्या काही किलोमीटरांपासून, ठरलेल्या टप्प्यावर थोडा वेळ चालायचे आणि पुन्हा धावायचे. ठरवलेले चालणे आणि लादले गेलेले चालणे यांतला हा भेद ध्यानात असू द्या. पुढील सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

३/ मॅरेथॉन शर्यत जन्मण्यापूर्वीची गोष्ट. १८७० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत व्यावसायिक चालण्याच्या शर्यतींचे वेड पसरले होते. बंदिस्त सभागृहातील छोट्या वर्तुळावर स्पर्धक सहा दिवस-रात्री फेऱ्या मारत. सहाच दिवस, कारण रविवारी खेळ निषिद्ध. तिकिटे विकली जात, पैजा लागत, वृत्तपत्रांचे रकाने भरत. एडवर्ड पेसन वेस्टन आणि डॅनियल ओ'लिअरी ही नावे तेव्हा घरोघरी ठाऊक होती.

४/ या शर्यतींत धावण्यास मनाई होती. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा, असा दंडक. साहजिकच वाद होत. स्पर्धक चालतो आहे की चोरून धावतो आहे, हे ठरवायचे कोणी? १८७८ साली सर जॉन अ‍ॅस्टली या ब्रिटिश संसद सदस्याने हा प्रश्नच निकालात काढला. त्याने जाहीर केलेल्या नव्या स्पर्धेचा नियम असा : चाला, धावा, जसे जमेल तसे जा. सहा दिवसांत सर्वाधिक अंतर कापेल तो विजेता.

५/ पहिली स्पर्धा मार्च १८७८ मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागातील अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये झाली. ओ'लिअरी ५२० मैलांसह जिंकला. पुढील वर्षी न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स रॉवेल या इंग्रजाने ५०० मैलांनी बाजी मारली. बेताची दुडकी धाव ही त्याची ख्याती. आणि जून १८७९ मध्ये खुद्द वेस्टनने, ज्याचे नाव निव्वळ चालण्याशी जोडले गेले होते त्याने, चालण्यात धावणे मिसळून ५५० मैल गाठले. तेव्हा तो चाळिशीत होता.

६/ या मंडळींच्या दृष्टीने चालायचे की धावायचे हा प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हता. तो हिशेबाचा प्रश्न होता. केव्हा धावायचे, केव्हा चालायचे, केव्हा झोपायचे, यातच कसब होते. १८८८ मध्ये जॉर्ज लिटलवुडने सहा दिवसांत ६२३ मैलांहून अधिक अंतर कापले. तो विक्रम मोडायला १९८४ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी यानिस कुरोस हा असामान्य ग्रीक धावपटू जन्मावा लागला. तब्बल ९६ वर्षे!

७/ मग चित्र पालटले कसे? योगायोग पाहा. वेस्टन ५५० मैल कापत होता त्याच १८७९ साली रॉबर्ट ब्राउनिंगची फिडिपिडीसवरील कविता प्रसिद्ध झाली. मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सपर्यंत धावत येऊन, विजयाची वार्ता सांगून प्राण सोडणारा दूत, ही कथा तिने घराघरांत पोहोचवली. हिरोडोटसने मात्र ही दौड सांगितलेलीच नाही. त्याचा दूत युद्धापूर्वी मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला जातो, आणि तिथे मरत नाही. मृत्यूची कथा कित्येक शतकांनंतरच्या लेखकांची.

८/ हीच कथा मनात ठेवून मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी मॅरेथॉन शर्यत सुचवली आणि विजेत्याला चषक देऊ केला. म्हणजे या शर्यतीचा आदर्श पुरुष कोण? न थांबता धावला आणि कोसळून मेला तो. नव्या खेळाच्या पायाशीच हे चित्र बसवले गेले.

९/ गंमत अशी, की पहिल्याच शर्यतीने या चित्राला धक्का दिला. १० एप्रिल १८९६ रोजी सुमारे ४० किलोमीटरच्या मार्गावर आरंभी आघाडी घेतली ती १५०० मीटर शर्यतीतील पहिल्या तिघांनी : ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक, अमेरिकेचा ब्लेक, फ्रान्सचा लेर्मुझियो. तिघेही वेगाने निघाले आणि तिघांनाही शर्यत अर्धवट सोडावी लागली. मागून बेताबेताने आलेला स्पिरिडॉन लुई २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकला.

१०/ १९०४, सेंट लुईस. कडक ऊन, धुळीचा रस्ता, पिण्याच्या पाण्याची जवळजवळ वानवा. विजेता थॉमस हिक्स अखेरच्या टप्प्यात अक्षरशः खचला होता. त्याला झोपायचे होते. सहायकांनी झोपू दिले नाही, पण चालू दिले. सोबत अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन हे विष! शेवटाकडील चढ तो चालत चढला. ३२ पैकी अवघे १४ जण शर्यत पूर्ण करू शकले. त्या दिवशीचा ऑलिंपिक विजेता चालला होता, हे मात्र आज किती जणांना ठाऊक आहे?

११/ १९०८, लंडन. इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांत आधी स्टेडियममध्ये शिरला, पण भलत्याच दिशेने वळला आणि पाच वेळा कोसळला. अधिकाऱ्यांनी हात देऊन त्याला रेषेपार नेले, म्हणून तो बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळाले आणि कीर्ती पिएत्रीला! राणी अलेक्झांड्राने त्याला चषक दिला. त्याचे रेषेवरील छायाचित्र जगभर पोहोचले.

१२/ आता माझे अनुमान मांडते. मॅरेथॉनच्या पहिल्या पिढीत लोकांना चालणे दिसले ते केवळ कोसळण्याच्या आधीची पायरी म्हणून. ठरवून चालणाऱ्या सहा-दिवसीय स्पर्धकांची परंपरा तोवर ओसरली होती. ती पैजेच्या, पैशाच्या खेळातली. हौशी खेळाडूच्या आदर्शात तिला मान नव्हता. त्यामुळे चालण्याचा एकच अर्थ शिल्लक राहिला : हार. माझ्या चौदाव्या किलोमीटरवरची शरम याच अर्थातून आलेली आहे.

१३/ नियमांत मात्र ही शरम नाही. मॅरेथॉनमध्ये चालण्यास मनाई नाही. १९७५ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये बिल रॉजर्स पाणी पिण्यासाठी अनेकदा थांबला, एकदा तर बुटाची नाडी बांधण्यासाठी. तरीही तो २ तास ९ मिनिटे ५५ सेकंदांत जिंकला आणि तो अमेरिकेचा नवा विक्रम ठरला. काही क्षण थांबल्याने सारे हातचे जात नाही, हे त्याने सर्वांसमक्ष दाखवले.

१४/ त्याच सुमारास ठरवलेले चालणे परतले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे १९७४ मध्ये नवशिक्यांना धावणे शिकवू लागले आणि त्यांना मधूनमधून चालायला लावू लागले. त्यातूनच त्यांची 'रन-वॉक-रन' पद्धत घडली. कळीचा मुद्दा एकच : थकवा येण्याची वाट पाहू नका, आधीच चाला. तेच स्नायू त्याच रीतीने अखंड राबत राहिले तर लवकर थकतात. चालताना त्यांवरचा भार बदलतो, आदळआपट कमी होते.

१५/ दुसरे नाव गणिताचे प्राध्यापक टॉम ऑस्लर. १९७६ मध्ये त्यांनी चालण्याचे टप्पे मिसळत २४ तासांत शंभरहून अधिक मैल कापले. १९७९ मध्ये एड डॉड यांच्यासह त्यांनी अतिदीर्घ धावण्यावर पुस्तक काढले. त्यात वेस्टन-रॉवेल यांच्या सहा-दिवसीय शर्यतींचा विसरलेला इतिहासही आला. अ‍ॅस्टलीच्या स्पर्धेनंतर शंभर वर्षांनी तो धागा असा पुन्हा हाती लागला.

१६/ विज्ञान काय म्हणते? जर्मनीतील कासेल मॅरेथॉनमध्ये ४२ हौशी धावपटूंचा अभ्यास झाला. एका गटाने सलग धावायचे, दुसऱ्याने दर २.५ किलोमीटरला ६० सेकंद चालायचे. सरासरी वेळ : सुमारे ४ तास ८ मिनिटे विरुद्ध ४ तास १४ मिनिटे, हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. चालणाऱ्यांना स्नायुदुखी आणि थकवा कमी जाणवला. हृदयावरील ताण मात्र दोन्ही गटांत सारखाच आढळला. म्हणजे ही जादू नव्हे. पण हारही नव्हे.

१७/ दोन तासांच्या आसपास मॅरेथॉन संपवणाऱ्या अव्वल धावपटूंसाठी ही पद्धत नाही, हे मान्य. प्रश्न आपला आहे, पहिल्यांदा ४२.१९५ किलोमीटरसमोर उभे राहणाऱ्यांचा. आपण कोणाचे वारस? कोसळून मरणाऱ्या काव्यातल्या दूताचे, की हिशेब मांडून सहाव्या दिवशीही पायांवर उभ्या असलेल्या वेस्टनचे?

१८/ गेल्या रविवारी मी पुन्हा गेले. २६ किलोमीटर. दर अडीच किलोमीटरला एक मिनिट चालले, अगदी पहिल्या टप्प्यापासून. ते ज्येष्ठ धावपटू पुन्हा भेटले आणि हसले. या वेळी मीही हसले, आणि माझे मिनिट पूर्ण होईपर्यंत चालत राहिले. (समाप्त)