१६६५ : जळालेली गावं, बुजवलेल्या विहिरी

मंडळी, पुरंदरचा वेढा म्हटलं की आपल्याला मुरारबाजी आठवतो. पण १६६५च्या त्या उन्हाळ्यात मिर्झाराजा जयसिंगाने आणखी एक काम काढलं होतं. दाऊदखान कुरेशीला फौज देऊन त्याने मावळात पाठवलं. रोहिड्याच्या आसपासची पन्नासेक गावं जाळली गेली, गुरं-माणसं धरून नेली. गडावर तोफा डागायच्या आणि गडाला दाणागोटा पुरवणारा मुलूखच उठवायचा, असा तो हिशेब. जूनमध्ये तह झाला, तेवीस किल्ले गेले.

आता जरा आपल्याकडे या. मैंदर्गीहून विजापूर काही फार लांब नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस जयसिंग विजापूरवर चालून आला. इथला मुलूख कुणी उजाड केला? खुद्द आदिलशाहीने! शहराभोवती तीनेक कोसांत विहिरी मातीने बुजवल्या, तलाव रिकामे केले, झाडं तोडली. मोगलांना ना पाणी, ना वैरण. वेढ्याच्या मोठ्या तोफाही त्यांनी बरोबर आणल्या नव्हत्या. जानेवारी १६६६मध्ये ते माघारी फिरले.

दरबाराच्या दृष्टीने हा विजयच. पण मोगल गेल्यावर त्या तीन कोसांतल्या कुणब्याने पाणी कुठून आणायचं? मावळातल्या कुणब्याची ही गत शत्रूने केली होती, इथे ती त्याच्याच धन्याने केली.