दिनविशेष, २२ जून : ‘देवमाता’ की ‘ख्रिस्तमाता’?

इ. स. ४३१ साली याच तारखेस आशिया मायनरमधील एफिसस नगरीत, मरीयेच्या नावाच्या चर्चमध्ये, ख्रिस्ती धर्माध्यक्षांची परिषद भरली. आणि जिच्या उदरी येशू जन्मला तिला ‘देवमाता’ म्हणावे की ‘ख्रिस्तमाता’, या एका शब्दापायी कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस त्याच दिवशी बरतर्फ झाला. येशूच्या ठायीचे देवत्व व मनुष्यत्व यांची गल्लत होऊ नये, म्हणून ‘ख्रिस्तमाता’ म्हणावे, हा त्याचा आग्रह. अशी फारकत केल्यास एका ख्रिस्ताचे दोन होतात, हा अलेक्झांड्रियाच्या सिरिलचा आक्षेप. परिषदेस निघालेली अंत्युखियाची मंडळी अजून वाटेतच होती, बादशाही प्रतिनिधी हरकत घेत होता. तरीही सिरिलने कामकाज उरकले, हे काही न्यायाला धरून झाले नाही. अंधार पडल्यावर परिषद उठली, तेव्हा दाराशी ताटकळलेल्या लोकांनी मशाली पेटवून आणि स्त्रियांनी धूपपात्रे हाती धरून धर्माध्यक्षांना बिऱ्हाडी पोहोचविले.

कीर्तनात सगुण-निर्गुणाचे निरूपण ऐकत आलेल्या माळेगाव बुद्रुकच्या वारकऱ्यास हा वाद अगदीच परका वाटू नये. शिवाय त्याचा एक धागा घाटाखाली आपल्याच मुलखात येऊन पोहोचतो. नेस्टोरियसच्या गुरुपरंपरेस मानणारा धर्मसंघ इराणात टिकला; आणि सहाव्या शतकाच्या मध्यास कॉसमस या व्यापाऱ्याने, ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला धर्माध्यक्ष असतो, अशी नोंद करून ठेविली. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण बंदर, असे अनेक इतिहासकार मानतात.