पाठभेद

परवा जळगावात भाच्याला गिटमधला ‘कॉन्फ्लिक्ट’ समजावत होतो, आणि इतिहासाचार्य राजवाडे आठवले (१९२६ साली धुळ्यात वारले, तेच). गिट मूळ प्रत आणि तिच्यावरून झालेल्या दोन प्रती ताडून बघतं. एखादी ओळ एकानेच बदलली असेल तर तो बदल घेतं. दोघांनी तीच ओळ वेगवेगळी बदलली, की दोन्ही पाठ मांडून थांबतं. निवाडा आपण करायचा.

ज्ञानेश्वरीची मूळ प्रतच हाती नाही. एकनाथांनी १५८४ साली पाठ शुद्ध केला. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एक पोथी एकनाथांच्या आधीची म्हणून छापली, आणि अभ्यासकांत वाद पेटला. पेटणारच! मूळ नसताना कोणी काय बदललं, कसं ठरवणार?

भाचा म्हणाला, "मामा, मग नाथांनी गाळलेल्या ओळी कुठे गेल्या?"

गिटमध्ये सापडल्या असत्या.