दुसऱ्या दिवसाची घेरी

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला घोडे फार स्वस्त पडतात. त्यांना वैरण लागत नाही, त्यांचे नाल झिजत नाहीत, आणि एका परिच्छेदात ते पुण्याहून साताऱ्याला पोचतात. माणसे तर घोड्यांहूनही स्वस्त. त्यांनी रात्रभर दौड केली तरी लेखकाला एक ओळ पुरते : ‘पहाटे तो ताजातवाना होऊन उठला.’

ही ओळ माझीच आहे. मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मी एक साधा मास्तर. टेमघरला राहतो, मुलांना इतिहास शिकवतो, आणि रात्री भिवंडीच्या मागांची खडखड चालू असते तेव्हा कादंबऱ्या लिहितो. सध्या जी लिहितो आहे तिचा नायक एक भोई आहे. १६६० सालच्या जुलैत, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा ज्यांच्या खांद्यावर पालखी होती त्यांच्यापैकी एक. भर पावसाची रात्र, चिखल, जंगल, साठेक किलोमीटरची वाट, आणि खांद्यावर दांडी. महाराज गडावर पोचले, तोफा झाल्या, खिंडीत बाजीप्रभूंनी प्राण सोडले. हा प्रसंग महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला पाठ आहे. माझा भोई मात्र गडावर पोचून झोपला आणि पहाटे ताजातवाना होऊन उठला.

शाळेतल्या एका तरुण सोबत्याने हे प्रकरण वाचले आणि विचारले, “मास्तर, तुम्ही कधी चाललात का हो त्या वाटेने?” नव्हतो चाललो. दर पावसाळ्यात पुष्कळ मंडळी पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पायी जातात. त्यांच्यातल्याच एका जथ्याबरोबर मीही निघालो. माझ्या खांद्यावर पालखी नव्हती, मागे शत्रू नव्हता आणि रात्री मुक्कामाला गरम भात होता. एवढे असूनही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिंडीत पोचलो तेव्हा पाय माझे आहेत की शेजाऱ्याचे, हे कळत नव्हते. तरी गंमत अशी की चक्कर वगैरे काही नाही. उलट एक प्रकारचा कैफ होता. रात्रीची एस.टी. धरली आणि सकाळी थेट शाळेत हजर झालो.

फळ्यावर मोठ्या दिमाखाने ‘१६६०’ लिहायला घेतले. दुसरा सहा काढता काढता फळा डावीकडे सरकला. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानांत मागांसारखी घरघर सुरू झाली आणि खडूसह मी पहिल्या बाकावर बसलो. मुलांना वाटले, हा अभिनयच आहे. मास्तर बाजीप्रभू करून दाखवताहेत.

घरी आलो. पत्नीने काही बोलायचे टाळले, म्हणजे तिला पुष्कळ बोलायचे होते. आमच्या टेमघरला पाण्याची चर्चा फार, कारण शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी इथे शुद्ध होऊन पुढे जाते. मीही तांब्यामागून तांब्या रिचवला. तरी उठून उभे राहिले की घेरी येई. शेवटी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांचे तरुणपण मिठागरात गेलेले. त्यांनी विचारले, “मास्तर, पाणी किती प्यायलात?” मी अभिमानाने आकडा सांगितला. ते म्हणाले, “आणि मीठ?” मग त्यांनीच माझ्या घरात तांदळाची पेज करायला सांगितली, तीत मीठ घालायला लावले, आणि मी ती घोट घोट संपवीपर्यंत समोर बसून राहिले. संध्याकाळी डॉक्टरांनी आडवे निजवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला. उभे राहिल्यावर तो चांगलाच उतरत होता. दोन दिवसांत ठीक झालो. पण माझ्यातल्या मास्तराला एक प्रश्न चिकटला : इतिहासात एवढे लोक धावले, चालले, ओझी घेऊन घाट चढले. त्यांच्या दुसऱ्या दिवसाचे काय?

शोधायला लागलो आणि ध्यानात आले की दुसरा दिवस इतिहासाला आवडत नाही. मॅरेथॉनचेच पाहा. ग्रीक दूत मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सला धावत आला, विजयाची बातमी सांगितली आणि कोसळून मेला, अशी कथा आपण मुलांना सांगतो. पण त्या लढाईनंतर काही दशकांतच लिहिणारा हिरोडोटस निराळेच सांगतो. त्याच्या मते फिलिप्पिडीस हा दूत लढाईपूर्वी मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला गेला, म्हणजे दोनशेवर किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पोचला. तो मेला असे हिरोडोटस कुठेच म्हणत नाही. उलट वाटेत आपल्याला पॅन देव भेटला, असे त्याने परत येऊन लोकांना सांगितले. (मला त्या देवाच्या भेटीविषयी आता थोडी शंका येते. दोनशे किलोमीटर धावलेल्या माणसाला काय काय भेटेल, सांगता येत नाही.) धावपटूला मारले ते पाच-सहाशे वर्षांनंतरच्या लेखकांनी. कथाकाराची सोय मला समजते. नायक दारातच मेला म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याला घेरी आली की नाही, हे लिहावे लागत नाही.

पण १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ही कथा खरोखरच घडली, आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. फ्रान्सिस्को लाझारो हा पोर्तुगालचा तरुण, धंद्याने सुतार. १४ जुलैचा तो दिवस भयंकर उकाड्याचा होता. उन्हापासून बचाव म्हणून त्याने अंगाला मेणासारखा थर चोपडला होता. त्याने घामाची वाटच बंद झाली. शर्यतीची शेवटची काही मैलांची वाट उरली असताना तो पडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वारला. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने बेजार होऊन वाटेवरच्या एका घराच्या बागेत शिरला. तिथे त्याला प्यायला मिळाले, विसावा मिळाला. शर्यत हुकल्याच्या लाजेने तो कुणाला न सांगता मायदेशी गेला. स्वीडिश दप्तरात तो बेपत्ताच राहिला. १९६७ साली त्याला सन्मानाने बोलावून ती शर्यत पुरी करायला लावली, आणि वेळ नोंदली गेली : ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास. सुताराला दुसरा दिवस लाभला नाही. ज्याने लाज पत्करून बागेत पाणी घेतले, त्याला मात्र पन्नास वर्षांहून अधिक दुसरे दिवस लाभले.

या कानाकुरीची आणि आपल्या एका माणसाची गाठ पडलेली आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून होते. खेड्यापाड्यांतली, शेतकऱ्यांची पोरे खडबडीत वाटेवर अनवाणी धावत होती, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या, हे पाहून ते थक्क झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईडही समारंभाला होते. त्या दिवसाच्या बोलण्यातूनच पुढच्या वर्षी सहा खेळाडू बेल्जममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते आणि सदाशिव दातारही होते. २२ ऑगस्ट १९२० ची ती मॅरेथॉन पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरेथॉन दुसरी नाही. दातारांना ती पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटांच्या आसपास पोचून एकोणिसावे आले. कानाकुरी याही शर्यतीत होता. तो सोळावा आला, चौगुल्यांच्या अवघी दोनेक मिनिटे आधी.

एकोणिसावा क्रमांक म्हणून आपण चौगुल्यांना विसरलो, ते असो. पण मला तेवीस ऑगस्टची सकाळ हवी होती. परक्या गावात बेळगावचा हा गडी अंथरुणातून उठला तेव्हा भिंत धरून उठला का? त्याला काय खायला मिळाले? मीठ कुणी विचारले का? शर्यतीच्या तक्त्यात वेळ सेकंदाच्या भागापर्यंत दिलेली आहे, आणि सकाळ कोरी आहे.

डॉक्टर मंडळी मात्र त्याच सुमारास या कोऱ्या जागेकडे वळू लागली होती. १९२४ साली बोस्टनच्या मॅरेथॉननंतर तिथल्या डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले. ज्यांचे चेहरे पांढरेफटक, हातपाय गळालेले आणि बोलणे भ्रमिष्टासारखे, त्यांच्या रक्तातली साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवसापासून पिष्टमय अन्न आणि वाटेत गोळ्या-मिठाई दिली, तेव्हा तीच माणसे पुष्कळ चांगल्या स्थितीत पोचली. (ही माहिती मी दिवाळीच्या फराळाच्या समर्थनार्थ घरात वापरून पाहिली. उपयोग झाला नाही.) त्याच दशकात इंग्लंडमध्ये खोल खाणींतल्या उष्म्यात राबणाऱ्या मजुरांच्या वांब्यांचा अभ्यास झाला. घामावाटे मीठ जाते आणि मजूर वर नुसते पाणी पितात, म्हणून वांबे येतात, असे निघाले. पाण्यात थोडे मीठ घातले की वांबे थांबत. पुढे १९४७ साली अमेरिकी सैन्यातल्या डॉक्टरांनी दाखवले की कठोर श्रमानंतर धडधाकट जवानही नुसते उभे राहिल्याने कोसळतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. थांबले की रक्त पायांत साचते आणि मेंदूला कमी पडते.

माझ्या घेरीचे कोडे यातून बरेचसे सुटले. आदल्या दिवशी गेलेले पाणी आणि मीठ एका रात्रीत भरून येतेच असे नाही. यकृतातला साखरेचा साठाही रिता झालेला असतो. त्यातून मी रात्रभर एस.टी.त अवघडलेला, न्याहारी चुकवून थेट फळ्यापुढे उभा. रक्त पायांकडे गेले आणि सोळाशे साठ साल डावीकडे.

आणि माझे ते तांबे? त्यांचीही एक गोष्ट आहे. कित्येक वर्षे धावपटूंना उपदेश होता की तहान असो नसो, पाणी प्या. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत असते. तसल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत आजारी पडलेल्या चौघांची हकिकत टिम नोक्स या डॉक्टराने १९८५ साली प्रसिद्ध केली. त्यांना पाणी कमी पडले नव्हते, जास्त झाले होते. रक्तातले मीठ पातळ होऊन मेंदूला सूज येत होती. पुढे बोस्टनला २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तर शंभरातल्या तेरांचे मीठ उतरलेले. म्हणून श्रमानंतर डोके दुखते, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलतो, अशा वेळी घरच्या माणसांनी आणखी पाणी पाजत न बसता दवाखाना गाठावा. लघवी काळपट झाली किंवा छातीत दुखू लागले तरी तसेच. मिठागरातल्या आजोबांनी हे निबंध वाचलेले नाहीत. त्यांनी कमरेएवढ्या उन्हात मीठ ओढताना माणसे पडलेली पाहिली होती.

पेजेचीही उपपत्ती आहे. साखर किंवा पिष्ट बरोबर असले की आतडे मीठ आणि पाणी झपाट्याने शोषते. याच आधारावर १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारोंना वाचवले.

हे सगळे वाचून झाल्यावर मला एकदम वारी आठवली. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो टप्पा सगळ्या वाटेत मोठा, तीस किलोमीटरच्या वर, आणि मध्ये दिवेघाटाचा चढ. तो दिवस बहुधा एकादशीचा, म्हणजे लाखो माणसे उपाशी हा घाट चढतात. आणि सासवडला मुक्काम एका रात्रीचा नाही, दोन रात्रींचा आहे. मधला दिवस द्वादशीचा. उपवास सुटतो, पंगती बसतात, आणि पालखी हलत नाही. सासवडला सोपानकाकांची समाधी आहे, मुक्कामाचे कारण ते असेल. पण एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी शिस्त लावली, ती पायी चालणाऱ्या माणसाने लावलेली शिस्त आहे. घाटानंतरचा दुसरा दिवस त्या वेळापत्रकात धरलेला आहे. माझ्या शोधात असा दिवस मला एवढा एकच सापडला, आणि तो लिहिला गेला तिथीच्या नावाने, थकव्याच्या नावाने नाही.

मी ते जुने प्रकरण फाडले. नव्या प्रकरणात भोई विशाळगडावर पहाटे उठतो. खांद्यावर दांडीचा वळ काळानिळा पडला आहे. खिंडीतून कोण परत आले आणि कोण नाही, याची कुजबुज चालू आहे, आणि त्याचा धाकटा भाऊ खिंडीत मागे राहिलेल्यांत होता. विचारायला जावे म्हणून तो उभा राहतो, आणि गड त्याच्याभोवती फिरतो. तो तटाचा दगड धरतो आणि खाली बसतो. कुणीतरी त्याच्या हातात पेजेचे मातीचे भांडे देते.

तिथून त्याला उठवून सदरेपर्यंत न्यायचा आहे. दिवाळी अंकाचे संपादक घाई करताहेत म्हणून हा लेख आधी लिहिला. भोई अजून बसलेला आहे. पेज संपेपर्यंत मी त्याला हलवणार नाही.