वेशीतले वीरगळ आणि गोरट्याचे हुतात्मे

राजेश्वर-बसवकल्याणचा आपला हा पट्टा कल्याणीच्या चालुक्यांचा. लढाईत पडलेल्याची आठवण ठेवायची इथली जुनी रीत म्हणजे वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई, नाहीतर गुरे सोडवताना आलेले मरण. त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. रविवारी सकाळी तिरप्या उन्हात फोटो घेतला तर झिजलेली ढालही उठून दिसते. पुष्कळ दगडांवर अक्षर नाही. वीराचे नाव गेले. गाव त्याला देव म्हणून पुजते. (शेंदूर चालेल, ऑइलपेंट मात्र नको!)

गोरटा मात्र आपल्या आजोबांच्या काळातले. मे १९४८ मध्ये रझाकारांनी या गावावर हल्ला केला. दोनशेहून अधिक माणसे मारली गेली, असे सांगतात. ती सैनिक नव्हती, गावकरी होती. चारच महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. तिथले मोठे स्मारक खुले झाले ते मार्च २०२३ मध्ये, जवळजवळ पंचाहत्तर वर्षांनी.

वीरगळाची मापे उद्याही घेता येतील. पण १९४८ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्या दिवसांत निजामाच्या हद्दीतली अनेक कुटुंबे सोलापूर, बार्शीकडे आश्रयाला गेली. आपल्यापैकी कोणाच्या घरी त्या आठवणी असतील, तर आजी-आजोबांकडून गेलेल्यांची नावे, गाव, गल्ली एवढे तरी उतरवून मंडळाकडे द्यावे. जुनी पत्रे, मोडी कागद असल्यास फोटो पुरे. मूळ कागद घरीच जपून ठेवा.